साठवलेली आग कुठे ठेवायची?

वसई किल्ल्याच्या उत्तरेला, गिरीज गावात हिरा डोंगरी नावाची लहानशी टेकडी आहे. आज लोक तिथे दत्तमंदिरासाठी जातात. वज्रगड म्हणून तिची चौकशी करणारे थोडेच. वज्रगड हा वसईच्या मोहिमेच्या काळातला मराठ्यांचा किल्ला. १७३७ ते १७३९ ही दोन वर्षे या पट्टीत जी लढाई झाली, तिचा निकाल अखेर तोफांपेक्षा सुरुंगांनी लावला. चिमाजी आप्पांच्या माणसांनी वसई कोटाच्या तटाखाली सुरुंग खणून दारू भरली, बुरूज उडवले, आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी कोट सोडला. यातले काही सुरुंग उशिरा उडाले आणि त्यांत चढाईला गेलेले मराठेच गारद झाले, ही गोष्ट विजयाच्या वर्णनात सहसा मागे पडते. आग साठवून ठेवता येते, हवी तेव्हा वापरता येते, आणि तिची वेळ चुकली की ती ठेवणाऱ्यालाच खाते. वसईला हा धडा नवा नाही. २०२२ साली याच तालुक्यात जूनमध्ये एक इलेक्ट्रिक मोटार भर रस्त्यात पेटली आणि सप्टेंबरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा चर्चा नव्या तंत्रज्ञानाच्या भीतीची झाली. माझ्या मते प्रश्न जुना आहे. साठवलेली आग माणसापासून किती अंतरावर ठेवायची आणि तिच्यावर नजर कोणी ठेवायची, याची उत्तरे महाराष्ट्राने आजवर अनेकदा शोधली आहेत. बॅटरीच्या बाबतीत आपण ती उत्तरे काही काळ विसरलो.

या उत्तरांतले मराठीतले सर्वांत नेटके उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतिग्रंथात दुर्गांवर एक प्रकरण आहे आणि त्यात दारूखाना कसा असावा हे बारकाईने सांगितले आहे. तो घराजवळ नसावा, सदरेपासून दूर असावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालून त्यावर काटे लावावेत. आत तळघर करून त्याला गच करावा, त्यात माच घालून दारूची मडकी माचावर ठेवावीत, सरदी पोचू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून बंद करावा. रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये. अमात्यांनी शिपायांना ‘सांभाळून राहा’ असा उपदेश केलेला नाही. त्यांनी जागा ठरवली, बांधकाम ठरवले, दमटपणाचा बंदोबस्त केला, तपासणीची मुदत घातली आणि ती कोणी करायची तो हुद्दा नेमून दिला. एखादा शिपाई बेसावध राहणारच हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि एकाच्या बेसावधपणाने गड जाऊ नये अशी मांडणी केली.

इंग्रजी अमलात हीच मांडणी कायद्याच्या भाषेत आली. १८८४चा स्फोटकांचा कायदा आणि पुढे त्याची अंमलबजावणी करणारे खाते, ज्याचे मुख्यालय आज नागपुरात आहे, यांचे निम्मे काम अंतरे मोजण्याचे आहे. अमुक इतका माल, तर वस्तीपासून, रस्त्यापासून, दुसऱ्या कोठारापासून अमुक इतके मीटर. ही अंतरे कागदावर रुक्ष वाटतात. ती मोडली की काय होते ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही. शांततेच्या काळात असा माल गोदीबाहेर, बंदराच्या मध्यात पडावांवर उतरवून घेण्याचा शिरस्ता होता. स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल निशाण चढवावे लागे. युद्धाच्या घाईत हे नियम सैल केले गेले, निशाण चढलेच नाही, आणि सहज पेटणारा कापूस व स्फोटके एकाच जहाजात शेजारी आली. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. मृतांचा आकडा शेकड्यांनी मोजला गेला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुंबईतल्या कोणाला स्फोटकांचे गुणधर्म ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ज्ञान होते, नियम होते, पण घाईपुढे अंतर राखणे महाग वाटले.

घरातल्या आगीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण घरात अंतर ठेवायला जागा नसते. तिथे अंतराचे काम भांड्याला करावे लागते. घासलेट आले तेव्हा गरिबाघरी ते बाटलीत वात सोडून जळायचे. ती चिमणी कलंडली की चटई पेटलीच. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला तो उजेडासाठी खराच, पण त्याने तेलाची टाकी बंद केली, ज्योत काचेआड नेली आणि हातात धरायला ज्योतीपासून दूर कडी दिली. आगपेटीची गोष्ट थोडी वेगळी. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर हिंदुस्थानात १९१३ साली बंदी आली ती कारखान्यातल्या मजुरांचे जबडे सडत म्हणून, आग लागते म्हणून नव्हे. तरी परिणाम असा झाला की नुसत्या उबेने पेटणारे रसायन खिशातून गेले. काडीवरचा गूल आणि पेटीच्या कडेवरचा लाल फॉस्फरस वेगवेगळे ठेवणारी आगपेटी ही तर अंतराच्या नियमाची सर्वांत लहान आवृत्ती म्हणावी. पेट्रोलचे उदाहरण सरळ आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याने, आजच्या मापात, घरगुती वापरासाठी विनापरवाना पेट्रोल ठेवण्याची मर्यादा ३० लिटर घातली, आणि कोणत्या भांड्यात ठेवायचे तेही सांगितले.

इथे कोणी विचारील की गॅसच्या सिलिंडरचे काय? तो तर ओट्याखालीच असतो, चौदा किलो दोनशे ग्रॅम द्रवरूप आग, तीही देवघराच्या भिंतीला लागून. हा आक्षेप योग्य आहे आणि माझ्या युक्तिवादाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत घरगुती गॅस आणला, तेव्हापासून या सिलिंडरला घरात प्रवेश मिळाला तो काही अटींवर. सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो कंपनीचा, ग्राहकाने फक्त अनामत भरलेली असते. तो घरी भरला जात नाही, वस्तीबाहेरच्या प्लांटमध्ये भरला जातो. रिकामा झाला की परत जातो, म्हणजे प्रत्येक सिलिंडर काही आठवड्यांनी जाणत्या माणसांच्या हाताखालून जातो. आणि त्याच्या मानेशी, कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर, आतल्या बाजूला रंगवलेले एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. त्या तिमाहीनंतर तो सिलिंडर दाबाच्या चाचणीला गेला पाहिजे. अमात्यांच्या हवालदाराची आठ-पंधरा दिवसांची फेरी ती हीच; फक्त मुदत वर्षांची झाली आणि मोहोरेऐवजी रंग आला. साठवलेली आग घरात आली, पण तिची मालकी, भरणी आणि तपासणी घराबाहेर राहिली.

स्कूटरच्या बॅटरीने नेमकी ही घडी मोडली. ती विकत घेतलेली असते, म्हणजे तिचे म्हातारपण घरमालकाच्या पदरी पडते. ती काढून वर नेता येते, ही विक्रेत्याच्या दृष्टीने तिची मोठी सोय. आणि ती भरली जाते घरातच, बहुधा रात्री, सगळे झोपलेले असताना. एवढ्या आगीची साठवण, भरणी आणि माणसांची झोप एकाच खोलीत आणणारी वस्तू मराठी घरात याआधी आली नव्हती. वसई पूर्वेच्या त्या घरात बैठकीच्या खोलीत मध्यरात्रीनंतर बॅटरी चार्जिंगला लावली गेली आणि पहाटे ती फुटली. मूल त्याच खोलीत झोपले होते.

आता त्या डब्याच्या आत काय होते ते पाहू. स्कूटरच्या पॅकमध्ये बोटाएवढे शंभराहून अधिक लिथियम-आयन सेल असू शकतात. नेहमीच्या एका जातीचा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. प्रत्येकात धन आणि ऋण थरांची गुंडाळी असते, मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि पेट घेणारा द्रव. भरणी जास्त झाली, सेल सदोष निघाला किंवा पॅकमध्ये ओल शिरली, की आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन उष्णता वाढते. साधारण शंभर अंशांच्या आसपास आतले संरक्षक आवरण विरघळू लागते, १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळतो, आणि निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलमध्ये दोनशेच्या पुढे धन थर स्वतःच प्राणवायू सोडू लागतो. म्हणजे आग विझवायला हवा तोडण्याचा उपाय इथे लागू पडत नाही. बराच वेळ पाणी ओतून ताप उतरवावा लागतो, आणि विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो. लोह-फॉस्फेट जातीचा सेल याबाबतीत बराच शांत: त्याचे बंध जास्त तापमानाला तुटतात आणि प्राणवायू फारसा सुटत नाही. तो जड असतो, तेवढ्याच वजनात अंतर थोडे कमी कापतो, हे त्याचे मोल. एक सेल पेटल्यावर शेजारचा पेटतो की नाही हे मात्र सेलच्या जातीइतकेच त्यांच्यातल्या अंतरावर आणि मधल्या भरावावर अवलंबून असते. दारूखान्याला जे अंतर हातांनी मोजायचे, ते इथे मिलिमीटरमध्ये मोजायचे.

म्हणूनच २०२२ची खरी घडामोड मला नियमांच्या मसुद्यात दिसते. त्या वर्षी मार्चअखेर पुण्याच्या लोहगावात एक स्कूटर उभ्या जागी पेटली, त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बाप-लेक गेले, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या वीस स्कूटर जळाल्या, जूनमध्ये वसई पश्चिमेला टाटा नेक्सॉन जळाली. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकींसाठीचे एआयएस-१५६ व मोटारींसाठीचे एआयएस-०३८ हे निकष कडक केले. या निकषांवर गाड्या तपासणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. सुधारणा दोन टप्प्यांत लागू झाल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून. सेलमध्ये पुरेसे अंतर, दाब बाहेर सोडणारी झडप, जादा भरणी आणि जादा तापमान रोखणारी नियंत्रण यंत्रणा, पॅक पाण्यात बुडवण्याची चाचणी, एक सेल मुद्दाम पेटवून आग पसरते का ते पाहण्याची चाचणी, आणि आत काही बिघडले तर दिव्याने व आवाजाने इशारा. ही यादी वाचताना आज्ञापत्र समोर ठेवावे: जागा, कोरडेपणा, पहारा, मोहोर, सारे तिथे आहे. एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे हवालदाराची फेरी. पॅक कारखान्यातून निघताना तपासला जातो; पाच वर्षांनी तो कसा आहे हे पाहायला त्यानंतर कोणी येत नाही.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, विजेच्या गाड्यांपेक्षा अधिक पेटतात, मग बॅटरीचाच एवढा गवगवा का? पेट्रोलच्या गाड्यांबाबतचे म्हणणे मला मान्य आहे. पण तुलना गाडीशी गाडीची करून चालत नाही. पेट्रोलची टाकी कोणी काढून उशाशी नेत नाही. रस्त्यावर पेटलेल्या गाडीतून माणूस उतरून पळतो. वसईतल्या त्या मोटारीच्या बाबतीत तेच झाले, इशारे दिसले, चालक बाहेर पडला आणि बचावला. खोलीत पहाटे पेटलेल्या बॅटरीपासून पळायला दाराकडे जावे लागते, आणि दार बहुधा बॅटरीच्याच बाजूला असते, कारण बोर्ड तिथे असतो. अमेरिकेत शेव्हरोले बोल्ट मोटारींच्या बॅटऱ्यांत दोष आढळला, तेव्हा २०२१ मध्ये कंपनीने मालकांना सल्ला दिला तो गाडी घराबाहेर, इतर वाहनांपासून दूर उभी करा, असा. पॅक बदलून देण्याचे काम नंतर, सावकाश झाले.

दुसरा आक्षेप जास्त कानावर येतो: चूक वापरणाऱ्याचीच, रात्रभर कशाला लावून ठेवायची? या प्रश्नाचे उत्तर गिरीजच्या वाडीत एक आणि वसई पूर्वेच्या चाळीत दुसरे मिळेल. गिरीजमधल्या जुन्या घराला पडवी आहे, अंगण आहे, विहिरीजवळ पंपाची खोली आहे. तिथे बॅटरी घराबाहेर भरायची म्हटले तर एक वायर ओढून काम भागते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने ती कुठे न्यायची? खाली पार्किंग नाही, असले तर तिथे मीटर नाही, आणि उघड्यावर ठेवलेली चाळीस हजारांची बॅटरी सकाळी जाग्यावर असेल याची हमी नाही. शिवाय तो दिवसा गाडी चालवतो. खाण्याची पार्सले पोचवणाऱ्याला भरणीची वेळ रात्रीचीच मिळते. न्यूयॉर्कमध्ये हेच झाले. तिथे २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे मेली, त्यांतल्या अनेक आगी पार्सले पोचवणाऱ्यांच्या सायकलींशी जोडलेल्या होत्या. शहराने उपदेश करून पाहिले, मग सप्टेंबर २०२३ पासून प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. किंमत वाढेल, गरीब माणूस गाडीला मुकेल, ही भीती तिथेही होती. ती खोटी नाही. परंतु स्वस्त पॅकमध्ये वाचवलेला पैसा कोणाच्या खोलीत वसूल होतो, हे पाहिल्यावर ती भीती तशीच उरत नाही. तपासलेला पॅक आणि सोसायटीच्या आवारात, जिन्यापासून दूर, सामायिक चार्जिंगची जागा, या दोन्ही गोष्टींचा खर्च एकट्या वापरणाऱ्यावर टाकण्याचे कारण मला दिसत नाही. दारूखान्याचा गच काही शिपायाच्या पगारातून होत नव्हता.

एप्रिल २०२२ मध्ये नीती आयोगाने बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला. रिकामी बॅटरी केंद्रावर द्यायची, भरलेली घ्यायची. या कल्पनेकडे बहुतेकांनी वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून पाहिले. मला ती बॅटरीला सिलिंडरच्या वाटेने नेणारी वाटते: मालकी कंपनीची, भरणी घराबाहेरच्या धातूच्या कप्प्यात, आणि प्रत्येक पॅक एक-दोन दिवसांनी यंत्राच्या नजरेखालून जाणारा. हवालदाराची हरवलेली फेरी इथे आपोआप परत येते. वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅक वेगवेगळ्या मापांचे असल्यामुळे ही व्यवस्था अडखळते. गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर यांची मापे एक करावी लागली, तशी इथेही करावी लागतील, आणि कंपन्या ते आपण होऊन करणार नाहीत.

वसईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते: खारे पाणी. हा तालुका खाडी आणि समुद्र यांच्या मधला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईचे कित्येक भाग काही दिवस विजेविना राहिले. चाचणीत पॅक एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. तळमजल्याच्या पार्किंगमधले पुराचे पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. फ्लोरिडात २०२२च्या इयान वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे काही दिवस-आठवड्यांनी, कोरड्या दिसत असताना पेटल्या, कारण आत मीठ राहिले होते. अशी गाडी किंवा पॅक इथे काय होतो? बहुधा दुरुस्तीला जातो. २४ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण मेलेले सेल काढून त्याजागी जुन्या पॅकमधले बरे सेल डागणारे कारागीर गावोगाव आहेत, ते हजार-दोन हजारांत पॅक चालू करून देतात, आणि त्या पॅकला पुन्हा कोणतीही चाचणी नाही. ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या, २५० वॅटपर्यंतच्या गाड्यांना तर नोंदणीही लागत नाही, त्यामुळे असे पॅक किती घरांत आहेत हे सांगणारे पुस्तकच कुठे नाही. या कारागिरांना हाकलून काही साधणार नाही. लोकांना त्यांची गरज आहे आणि सेल ओळखण्यात त्यांतले काही तरबेज असतात. त्यांना परवाना, तपासणीचे साधे यंत्र आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक पॅकवर तारीख व दुकानाचा शिक्का मारण्याची सक्ती, एवढे तरी महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला आजच्या अधिकारांत सुरू करून पाहता येईल.